तळाला लागू नये म्हणून

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेला माणूस वारंगा फाट्यावर उतरला नाही, असे सहसा होत नाही. एक रस्ता कळमनुरी-हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. दोन्हीकडचे ट्रक, एस.टी. आणि दोन्हीकडची भूक इथे एकत्र येते. मी पाहुण्यांना इथली खिचडी खाऊ घातल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. सकाळच्या वेळी हॉटेलच्या तोंडाशी मोठे पातेले चढलेले असते आणि त्याच्यामागे एक माणूस लांब दांड्याचा झारा घेऊन उभा असतो. तो झारा थांबवत नाही. बोलताना, पैसे घेताना, ओळखीच्याला हाक मारताना त्याचा हात फिरतच असतो.

एकदा मी त्याला विचारले, "भाऊ, घडीभर हात थांबवला तर काय होईल?" तो म्हणाला, "तळाला लागेल ना चाचा! आच खाली, खाणारे वर. मधी ही खिचडीच अडून बसते. तिला हलवल्याबिगर आच वर चढत न्हाई."

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या प्रयोगवहीपुरता. पण त्या खिचडीवाल्याचे वाक्य माझ्या डोक्यात राहिले, आणि पुढे माझ्या भाच्यामुळे ते पुन्हा वर आले. भाचा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता. एका ईदला घरी आला, तेव्हा त्याने संगणकावर एक चित्र दाखवले. लांब नळी, तिच्यात लाल, पिवळा, निळा असे रंग एकमेकांत मिसळत गेलेले. मला वाटले, काही नक्षीकाम असेल. तो म्हणाला, "मामू, हे नळीतलं पाणी आहे. लाल तिथं गरम, निळं तिथं गार. नळी कापून आत बघता येत नाही, म्हणून हिशेबानं बघायचं." मी विचारले, "हा हिशेब शोधला कुणी?" तो म्हणाला, "ज्या पद्धतीनं मी केला ती पाटणकरांची. पुण्याचे पाटणकर."

इतके दिवस मी समजत होतो की असल्या गोष्टी परक्या भाषेत जन्मतात आणि आपल्याकडे फक्त उतरतात. त्या दिवसापासून मी ही गोष्ट जमेल तशी समजून घेत आलो. आज तीच सांगणार आहे. ती पातेल्यापासून सुरू होते, नळीत शिरते आणि संगणकात पोचते. पण प्रश्न शेवटपर्यंत त्या खिचडीवाल्याचाच राहतो. आच एका बाजूला आहे, ती दुसऱ्या बाजूला कशी पोचवायची?

या कामाच्या यंत्राला शास्त्रात उष्णता-विनिमयक म्हणतात. नाव जड असले तरी वस्तू ओळखीची आहे. फाट्यावर बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक पाहा. त्याच्या तोंडाशी जे रेडिएटर असते, त्यात इंजिनाचे तापलेले पाणी बारीक नळ्यांतून फिरते आणि बाहेरची हवा त्याची उष्णता घेऊन जाते. पाणी हवेत मिसळत नाही. मधे धातूची भिंत असते. फ्रिजच्या मागची जाळी, डेअरीत दूध तापवण्याचे यंत्र, साखर कारखान्यात उसाचा रस तापवणाऱ्या नळ्या, परळीसारख्या वीज केंद्रात वाफेचे पुन्हा पाणी करणारे कंडेन्सर, ही सगळी एकाच घराण्यातली. दोन शेजारी, मधे एक भिंत. एकमेकांच्या घरात जायचे नाही, पण ऊब मात्र पलीकडे पोचली पाहिजे.

आमच्या भागात ही भिंत फार दिवस म्हणजे कढई होती. हिंगोली जिल्हा आज हळदीसाठी ओळखला जातो आणि वसमतचा हळदीचा बाजार दूरवर माहीत आहे. हळद काढली की ती शिजवावी लागते. शिजवल्याशिवाय ती नीट वाळत नाही, रंग सारखा येत नाही. माझ्या लहानपणी शेतातच चर खणून त्यावर मोठी कढई ठेवत. खाली तुराट्या, पऱ्हाट्या, मिळेल ते सरपण. कढईत पाणी आणि हळद, वरून पाला किंवा पोते झाकायचे. फेस आला, वास सुटला की हळद झाली. मग ती उकळत्या पाण्यातून काढायची.

ते काढणे बायकांकडे असे. माझी खाला दर हंगामाला या कामावर जायची. एका वर्षी पोते ओढताना कढईतले पाणी उसळले आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पुढे जन्मभर त्या हातावरची कातडी कागदासारखी चकाकत होती. ती कुणाला दोष देत नसे. म्हणायची, "आग को क्या मालूम, किसका हाथ है." मला मात्र तेव्हापासून उघड्या कढईची भीती आहे. आग सगळीकडे जाते, धुरात जाते, आभाळात जाते, माणसाच्या हातावर जाते. जिथे जायला हवी तिथे त्यातली थोडीच पोचते.

हीच कढई दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतातही होती, फक्त हळदीऐवजी उसाच्या रसाची. भट्टीवर एकापुढे एक चार-पाच कढया मांडलेल्या असत आणि रस आटत जाईल तसा लांब पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतावा लागे. हे काम गुलाम करीत. उकळता रस, उघडी भट्टी आणि पहाटेपर्यंत चालणारी पाळी. भाजणे हे तिथे अपघातात मोजले जात नव्हते, ते कामाचाच भाग होते.

त्या प्रांतातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १८०६ साली नॉर्बर्ट रिलिये नावाचा मुलगा जन्मला. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय पण गुलामीतून मुक्त. बापाने त्याला शिकायला पॅरिसला पाठवले. तिथे तो इतका हुशार निघाला की ऐन तरुणपणीच वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागला. मायदेशी परतल्यावर त्याने कढईकडे पाहिले आणि एक साधी गोष्ट ओळखली. पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते त्याहून कितीतरी जास्त त्याची वाफ करायला लागते. एक किलो पाणी शून्य अंशापासून शंभर अंशापर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी पुरतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. उघड्या कढईतून ही सगळी पुंजी वाफेबरोबर आभाळात जाते.

रिलियेने कढया बंद केल्या. पहिल्या भांड्यातल्या नळ्यांना वाफ दिली, रस उकळला. त्या रसातून निघालेली वाफ आभाळात न सोडता दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत नेली. दुसऱ्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवला. डोंगरावर पाणी लवकर उकळते ना, तसा तिथला रस कमी उष्णतेवर उकळू लागला. त्याची वाफ तिसऱ्या भांड्याला. एकाच वाफेची कमाई तीन वेळा खर्चायची, असा हा हिशेब. १८४३ मध्ये त्याला पेटंट मिळाले, १८४६ मध्ये सुधारलेल्या रचनेचे दुसरे. सरपण वाचले, साखर पांढरी झाली आणि उकळता रस पळीने ओतण्याची गरज उरली नाही. ज्या माणसाने मालकांची साखर पांढरी करून दिली, त्याला त्याच्या कातडीमुळे त्या समाजात बरोबरीची जागा मात्र नव्हती. तो पुढे पॅरिसला परतला आणि १८९४ साली तिथेच वारला. त्याच्या यंत्राने गुलामी संपवली नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण यंत्राची स्तुती करताना माणसे विसरली जातात.

आपल्या महाराष्ट्रात लोणी-प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. मग गावोगाव कारखाने झाले आणि आमच्या मराठवाड्यातही आले. या प्रत्येक कारखान्यात रस आटवण्याची जी भांडी ओळीने उभी असतात, ती मूळची रिलियेच्या कल्पनेची. रात्री हायवेवरून जाताना कारखान्याचे दिवे दिसले की मला त्या माणसाची आठवण होते.

इथवर कढईची नळी झाली. पण नळी आल्यावर खिचडीवाल्याचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पातेल्यात झारा फिरवता येतो. बोटभर जाडीच्या नळीत झारा कसा फिरवणार?

वाटते, नळीतून पाणी जोरात वाहते आहे म्हणजे ते आपोआप हलत असणार. पूर्ण खरे नाही. नळीच्या भिंतीला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो, तो जवळजवळ जागेवरच असतो. मधले पाणी धावते, कडेचे रेंगाळते. आपल्या नदीतही काठाजवळचा पालापाचोळा हळू सरकतो, तसेच. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण उष्णतेला अडवण्यात तो पटाईत. तांबे उष्णता जितकी सहज पुढे जाऊ देते, त्याच्या तुलनेत हालचाल नसलेले पाणी सुमारे साडेसहाशे पट कंजूष असते. म्हणजे एक मिलिमीटर थांबलेले पाणी उष्णतेला जवळपास दोन फूट जाड तांब्याइतके अडवते. आपण तांब्याची भिंत पातळ करण्यात पैसा घालवतो आणि खरा दरवान आत पाण्यातच बसलेला असतो.

हा दरवान ओळखण्याचे श्रेय अनेकांचे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स नावाचे प्राध्यापक होते. बॉयलरच्या नळ्यांतून उष्णता कशी जाते यावर त्यांनी १८७४ मध्येच लिहिले होते. १८८३ मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो इतका साधा आहे की कोणत्याही शाळेत करता यावा. काचेच्या लांब नळीतून पाणी सोडायचे आणि मधोमध रंगाची बारीक धार. पाणी सावकाश वाहत असेल तर रंगाची रेघ सरळ जाते, जणू कुणी पट्टीने आखली. वेग वाढवत नेला की एका क्षणी ती रेघ थरथरते, तुटते आणि सगळ्या पाण्यात रंग विस्कटतो. पहिल्या प्रवाहात पाण्याचे थर एकमेकांवरून सरकतात, मिसळत नाहीत. दुसऱ्यात भोवरे उठतात, कडेचे पाणी मधे आणि मधले कडेला येते. म्हणजे पाणी स्वतःच स्वतःचा झारा होते. पुढे १९०४ मध्ये जर्मनीच्या लुडविग प्रांट्ल यांनी हायडेलबर्गच्या गणित परिषदेत भिंतीलगतच्या त्या थराचा विचार मांडला. त्याला आपण सीमास्तर म्हणू.

तेव्हा इलाज ठरला. नळीतले पाणी अस्वस्थ करायचे. कारागीर माणसांनी हे शास्त्र पुरते कळण्याआधीच सुरू केले होते. उष्णतेचा मोठा अभ्यासक जेम्स जूल याने १८६१ मध्ये वाफ थंड करण्याच्या नळीभोवती पाणी फिरवताना त्याच्या वाटेत तारेचे वेटोळे ठेवले, म्हणजे पाणी वळणे घेत जाईल. १८९६ मध्ये अमेरिकेत व्हिटहॅम नावाच्या इंजिनिअरने बॉयलरच्या ज्या नळ्यांतून गरम धूर जातो, त्यांत पीळ दिलेल्या लोखंडी पट्ट्या सरकवून पाहिल्या. धूर सरळ पळून न जाता गिरक्या घेत गेला आणि जाता जाता जास्त उष्णता देऊन गेला. आपण म्हणतो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे उलट होते. पिळामुळेच जळण वाचते.

पण जगात फुकट काही नसते. पट्टी घातली की वाट अडते. पाणी ढकलायला पंपाला जास्त जोर लागतो, धूर ओढायला जास्त ओढ लागते. इकडे सरपण वाचले आणि तिकडे विजेचे बिल वाढले, तर काय मिळवले? मग पीळ किती द्यावा? पट्टी रुंद असावी की अरुंद? नळीच्या आत कंगोरे काढावेत का, आणि किती उंचीचे? प्रत्येक उत्तरासाठी नवी नळी घडवायची, नवा बॉयलर जोडायचा, महिनाभर मोजायचे. शंभर तऱ्हा असतील तर शंभर नळ्या. एवढा पैसा आणि वेळ कुणापाशी असतो?

वाहत्या पाण्याचे नियम गणितात मांडलेले होते. फ्रान्सचे नाविए आणि ब्रिटनचे स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच समीकरणे लिहून ठेवली. फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचा ग्रंथ दिला. अडचण एवढीच की ही समीकरणे अगदी सोप्या प्रसंगांखेरीज कागदावर सुटत नाहीत. भोवरा आला की लेखणी थांबते.

तेव्हा एक वेगळी वाट निघाली. सगळ्या प्रवाहाचे उत्तर एकदम मागायचे नाही. जागेचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा साधा हिशेब करायचा, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता अशा रीतीने हवामानाचा हिशेब केला. २० मे १९१० या दिवसाचे सहा तासांचे हवामान हाताने काढायला त्याला काही आठवडे लागले आणि उत्तर सपशेल चुकले. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार बदलेल असे आले. एवढा बदल प्रत्यक्षात कधी होत नाही. तरी त्याने १९२२ मध्ये ते चुकलेले उत्तर पुस्तकात छापले. एका दालनात ६४,००० माणसे बसून हिशेब करताहेत, असे स्वप्नही त्याने त्यात लिहिले. चूक छापायला मोठे मन लागते. आम्हा कवींना ते जमत नाही. पुढे माणसांच्या जागी संगणक आले आणि ते स्वप्न पुरे होऊ लागले.

आता पुण्याच्या पाटणकरांकडे येतो. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा. १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते बी.ई. झाले, १९६४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून एम.टेक. आणि मग लंडनच्या इंपिरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग या प्राध्यापकांकडे गेले. १९६७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि त्याच वर्षी गुरू-शिष्यांचे एक पुस्तक आले. विषय होता सीमास्तरातले उष्णतेचे आणि द्रव्याचे वहन. म्हणजे आपला तोच दरवान!

१९७२ मध्ये दोघांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातली पद्धत जगभर 'सिम्पल' या नावाने ओळखली जाते. एका लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत, पण अर्थही सार्थ आहे. भाच्याने मला ती शेतात उभे राहून समजावली. आमच्याकडे इसापूर धरणाचे पाणी कालव्याने येते. आपण शेतात वाफे पाडतो. समजा, नळी म्हणजे शेत आणि तिचे हजारो लहान तुकडे म्हणजे वाफे. प्रत्येक वाफ्याचा एकच नियम: जेवढे पाणी आत आले तेवढे बाहेर गेले पाहिजे. मधेच पाणी निर्माण होत नाही आणि हरवतही नाही. पाणी ढकलतो कोण? दाब. पण प्रत्येक वाफ्यातला दाब किती, हे आधी ठाऊक नसते. इथेच सगळे अडत होते. दाब कळल्याशिवाय वेग कळत नाही आणि वेग कळल्याशिवाय दाब कळत नाही.

पाटणकर-स्पॉल्डिंग म्हणाले, आधी दाबाचा अंदाज धरा. त्यावरून वेग काढा. मग वाफ्यावाफ्यात जाऊन पाहा, आवक-जावक जुळते का? कुठे पाणी तुंबले, कुठे कमी पडले? जिथे तुंबले तिथला दाब वाढवा, जिथे कमी पडले तिथला घटवा. पुन्हा वेग काढा, पुन्हा तपासा. शेकडो वेळा हे करत गेले की चूक कमी कमी होत जाते आणि सगळ्या वाफ्यांचा हिशेब मिटतो. मग त्याच वाफ्यांतून उष्णतेची आवक-जावक मोजायची.

हे ऐकून मला हसू आले. गझलेचा मिसरा आम्ही असाच लिहितो. आधी एक शब्द अंदाजाने ठेवायचा, वजन पाहायचे, अडखळले की बदलायचे, पुन्हा म्हणून पाहायचे. पहिल्याच झटक्यात बरोबर येत नाही म्हणून कुणी लाजत नाही. चूक सापडणे हीच पुढची पायरी असते.

१९७४ मध्ये याच दोघांनी एका मोठ्या पिंपात अनेक नळ्या बसवलेल्या उष्णता-विनिमयकाचा हिशेब कसा करावा, हे मांडले. साखर कारखान्यात रस तापवणारे यंत्र साधारण याच जातीचे असते. पुढे पाटणकर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले. तिथे सहकाऱ्यांबरोबर १९७९ मध्ये त्यांनी आतून कंगोरे असलेल्या नळीतला खळाळता प्रवाह संगणकाने काढून दाखवला. कंगोरा किती उंच केला तर उष्णता किती वाढते आणि पंपावरचा भार किती वाढतो, हे नळी न घडवता सांगता येऊ लागले. १९८० मध्ये त्यांचे पाठ्यपुस्तक आले. जेमतेम दोनशे पानांचे. भाच्याकडे त्याची झेरॉक्स होती, पाने सुटलेली, समासात पेन्सिलीने खुणा. मी चाळून पाहिले. समीकरणे मला कळली नाहीत, पण मधली वाक्ये कळली. छोटी, स्वच्छ आणि वाचणाऱ्याला न घाबरवणारी. चांगल्या गद्याची ओळख कोणत्याही विषयात पटते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. संगणकावरचे रंगीत चित्र इतके देखणे असते की माणूस त्याला सत्य मानून बसतो. भोवऱ्यांचा पूर्ण हिशेब करणे अजूनही फार खर्चाचे आहे, म्हणून त्यांच्यासाठी काही ठोकताळे वापरावे लागतात. वाफे मोठे पाडले तर उत्तर ढोबळ येते. शिवाय साखर कारखान्याच्या नळीत हंगाम चढत जाईल तशी खरड बसते, ती चित्रात आपोआप येत नाही. म्हणून हिशेबाला मोजमापाची साक्ष लागतेच.

याही बाबतीत आपल्याकडे एक सुहास आहेत, हा योगायोग मला आवडतो. सुहास सुखात्मे यांनी मुंबईच्या आयआयटीत अनेक वर्षे उष्णता संक्रमण शिकवले, त्यावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले, १९९५ ते २००० या काळात ते त्या संस्थेचे संचालक होते. कंगोरे पाडलेल्या नळीवर वाफ कशी निवते, किती उष्णता देते, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पवईच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजले. एका सुहासांनी हिशेब दिला, दुसऱ्यांनी मोजमाप. दोन्ही पाय असल्याशिवाय चालता येत नाही.

आणि आता पुन्हा पातेल्याकडे. मुंबईच्या माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तिथले ज्येष्ठराज जोशी हे प्रवाहांच्या गणिताचे मोठे अभ्यासक. २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २०१२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकाच्या भांड्यांवर निबंधांची मालिका प्रसिद्ध केली. चुलीची किंवा गॅसची उष्णता भांड्याला किती मिळते, वाया किती जाते, वाफेवर शिजवणारे भांडे कसे असावे, हा विषय. पहिल्या भागात प्रयोग आणि दुसऱ्या भागात संगणकाचा हिशेब. हे मला कळले तेव्हा मी त्या फाट्यावरच्या माणसाला मनातल्या मनात सलाम केला. त्याच्या झाऱ्याचा प्रश्न इतक्या मोठ्या विद्वानांनाही लहान वाटला नव्हता.

आता आमच्या शिवारात उघड्या कढया कमी झाल्या आहेत. हंगामात ट्रॅक्टरमागे ओढून आणलेले हळदीचे बॉयलर दिसतात. खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, तिथून नळ्यांनी वाफ दोन-चार ड्रममध्ये जाते आणि हळद बंद ड्रममध्ये शिजते. उकळत्या पाण्यात कुणाला वाकावे लागत नाही. वसमतला राज्य सरकारने हळदीचे संशोधन केंद्रही दिले आहे. माझी खाला हे पाहायला राहिली नाही. राहिली असती तर त्या ड्रमला हात लावून म्हणाली असती, "ये अच्छा है."

पण गेल्या हंगामात मी एका बॉयलरजवळ उभा राहिलो, तेव्हा धुराड्यातून भपाभप धूर निघत होता. मी धुराड्यापासून चार हात दूर होतो, तरी चेहरा भाजून निघत होता. तुराट्यांचा भारा पंधरा मिनिटांत संपत होता. ती सगळी आच हळदीला न भेटताच चालली होती. मला १८९६ सालची पीळ दिलेली पट्टी आठवली. त्या धुराला दोन गिरक्या घ्यायला लावल्या तर? किती पीळ, किती लांबी, धूर कोंडणार तर नाही ना? याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, आणि दहा बॉयलर फोडूनही शोधू नये. वाफे पाडून, आवक-जावक जुळवून ते काढता येते, मग एका बॉयलरवर मोजून खात्री करता येते. ही विद्या आपल्या मातीतल्या माणसांनी घडवली आहे, आपल्या कॉलेजांत ती शिकवली जाते. ती शिकणारी पोरे याच फाट्यावरून एस.टी.त बसून जातात आणि खिडकीतून हा धूर पाहतात.

मी भाच्याला फोन करून हे सांगितले. तो आता पुण्याला नोकरीला आहे. म्हणाला, "मामू, बॉयलरच्या नळीचा आतला व्यास आणि लांबी मोजून पाठवा. धूर किती तापलेला आहे तेही कुणाकडून तरी मोजून घ्या." दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. बॉयलरवाला आधी संशयाने पाहत होता, मग त्यानेच टेपचे दुसरे टोक धरले. धुराचा ताप मोजायचे साधन आमच्यापैकी कुणाकडे नव्हते. ते आणायचे बाकी आहे.

परत येताना फाट्यावर खिचडी घेतली. तो माणूस झारा फिरवीतच होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)